ढकला, ओढा आणि माझं डोकं

सोमवार, ता. ३

बसायची खोली आज माझ्या हातून गेली. धाकट्या लेकीने मशीन आणलं. दोन हमालांनी ते जिन्यावरून चढवताना भिंतीचा पोपडा पाडला आणि वर मलाच म्हणाले, आजोबा, जरा बाजूला व्हा. माझ्याच घरात मी बाजूला झालो. खिडकीपाशी बसून मी पेपर वाचायचो तिथे आता हे धूड. लांबट, पायांवर उभं, मध्ये एक फट. फटीतून रंगीत चिकट कागद सरकतो, त्याला व्हिनाईल म्हणतात. आत नखाच्या टोकाएवढं पातं आहे, ते त्या कागदातून पाट्यांची अक्षरं कापतं.

धाकटी पाट्यांच्या दुकानात कामाला होती. मालकाने दुकान बंद केलं. दुसरी नोकरी बघायची सोडून हिने त्याचं जुनं मशीनच उचललं. नवऱ्यापासून वेगळी होऊन घरी आली तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. या मशीनबद्दल मात्र बोललो. आपलं वायरिंग जुनं आहे, जळलं तर? खालचे लोक आवाजाची तक्रार घेऊन आले तर? गिऱ्हाईकच आलं नाही तर? ती म्हणाली, "बाबा, तुमच्या सगळ्या काळज्या एकदा लिहून काढा, मी एकदम उत्तरं देते."

थट्टा होती, पण मी वही आणली. शाळा सातवीत सुटली, पण कारखान्याच्या फाटकावर नोकरीभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहिल्या आहेत. लिहायची सवय आहे.

बुधवार, ता. ५

काम कसं चालतं ते आज बघितलं. ती कॉम्प्युटरवर अक्षरं मांडते, रंग देते, लहानमोठी करते. मग एक बटण दाबते आणि पलीकडे पातं सुटतं. आधी म्हणे डिझाईन एका सॉफ्टवेअरमध्ये करायचं, तिथून ते दुसऱ्यात न्यायचं, तिथे पुन्हा जुळवायचं आणि मग कापायचं. आता ज्यात काढलं त्यातूनच थेट कापता येतं.

मी विचारलं, मध्ये कोण बघतो?

"मध्ये कुणी नाही. तेच तर सुख आहे."

मला त्यात सुख दिसलं नाही. फाटकावर भरलेली गाडी माझ्या सहीशिवाय हलत नसे, साहेबाची असली तरी. इथे मनात आलं की थेट पात्याखाली. मध्ये एखादा माणूस नको का उभा? हे बोललो तर ती हसली आणि माझ्या हातात चिमटा दिला.

तो माझ्यासाठीच आणला होता. पातं फक्त वरचा रंगीत थर कापतं, खालचा कागद तसाच राहतो. मग अक्षराभोवतीचा नको तो रंग सोलून काढायचा. क च्या पोटातला, ढ च्या आतला, अनुस्वाराच्या भोवतीचा. अनुस्वार सोललेल्या रंगाबरोबर निघून आला की काम बाद. तीन अनुस्वार मी आज घालवले. मान आखडली, बोटं चिकट झाली, चहाच्या कपालाही लाल कण चिकटला. हे माझं म्हातारपण.

शुक्रवार, ता. ७

पहिलं मोठं काम मिळालं. दातांची एक डॉक्टरीण आहे, तिचा नवा दवाखाना उघडतो आहे. आधी आतल्या काचेच्या दारांवरची अक्षरं, मग बाहेर दारावर मोठी नावाची पाटी. तिचे आणखी दोन दवाखाने आहेत. हे पसंत पडलं तर त्यांचंही काम धाकटीलाच. नाही पडलं तर, ती स्वतःच म्हणाली, "मग मशीन विकायचं आणि कुणाच्या तरी दुकानात पाट्या पुसायच्या."

असं ती हसत म्हणते आणि मग रात्री माझी झोप उडते.

थोरलीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा, तिच्या मागे किरकिर लावू नका, तिला जमू द्या. मी किरकिर लावतो? मी फक्त विचारतो.

शनिवार, ता. ८

आज जे झालं ते कुणाला सांगायचं नाही. इथे लिहितो.

सकाळी धाकटीने काचेच्या दारांची अक्षरं कापायला लावली. पडद्यावर मी स्वतः वाचलं: ढकला. त्याखाली: ओढा. त्याखाली: कृपया आवाज करू नये. स्वच्छ, सरळ. तिने बटण दाबलं आणि मीटर घेऊन दवाखान्यात मापं घ्यायला गेली. मी कापलेला कागद टेबलावर पसरला, चिमटा घेतला आणि सोलायला बसलो. अर्धा ढ सोलला आणि हात थांबला. ढ उलटा होता. पाठ फिरवून बसल्यासारखा. ला चा काना उजवीकडे असतो तो डावीकडे. सगळा शब्दच उजवीकडून सुरू होऊन डावीकडे संपत होता.

चष्मा पुसला. पुन्हा उलटा. कागद फिरवला तर उलट्यावर डोकं खाली पाय वर. उठून पडद्यावर बघितलं तर तिथे सरळ. परत टेबलावर, उलटा.

दादांची आठवण झाली. माझे थोरले भाऊ. त्यांच्या शेवटच्या आजारपणाची सुरुवात अशीच झाली होती. एका सकाळी पेपर हातात घेतला आणि म्हणाले, हे कुठल्या भाषेत छापलंय? मग महिनाभर माणसं ओळखेनात.

मी गुपचूप सगळं सोललं. एकही काना किंवा मात्रा घालवली नाही. धाकटी आली, कागद वर धरून बघितला आणि म्हणाली, वा, बाबा, सफाईने केलंत. म्हणजे तिला सरळ दिसत होतं.

सोमवार, ता. १०

दिवसभर स्वतःची परीक्षा घेतली. चहाचा पुडा वाचला: सरळ. विजेचं बिल: सरळ. दिनदर्शिका, औषधाची बाटली, समोरच्या दुकानाची पाटी, सगळं सरळ. मनाला धीर आला. दुपारी धाकटीने काचेचाच उरलेला कागद दिला, 'पुढील रुग्णाने येथे बसावे'. पुन्हा तेच. सगळी ओळ माझ्याकडे पाठ करून उभी.

मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, हे नक्की कुठे लावायचं आहे? म्हणाली, काचेला, आतल्या बाजूने, म्हणजे बाहेरच्या माणसाचा हात लागत नाही आणि अक्षर निघत नाही. मी म्हटलं, चांगली युक्ती आहे. पण माझं लक्ष अर्धं होतं. मी मनात माझ्या आणि दादांच्या वयाचा हिशेब लावत होतो.

मंगळवार, ता. ११

राहवेना. पलीकडच्या गल्लीतल्या कंपाउंडरकडे गेलो. सरकारी दवाखान्यात जन्मभर औषधं बांधली, आता घरी बसून लोकांची तपासणी करतो. माझा जुना दोस्त. मला अजून फाटक म्हणतो.

त्याने पेपर पुढे केला. वाच म्हणाला. वाचला. हातावर आकडे लिहून दाखवले. ओळखले. डोळ्याच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, जीभ काढायला लावली.

"काय रे फाटक, तुला तर माझ्यापेक्षा बरं दिसतंय."

मी म्हटलं, सगळीकडे बरं दिसतं. फक्त एका ठिकाणी उलटं दिसतं.

"कुठे?"

"लेकीचं काम करताना."

त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, हा डोळ्यांचा रोग नाही आणि डोक्याचाही नाही, मनाचा आहे. तुला तिचं काम बघवत नाही. मन नको म्हणतं आणि डोळा त्याचं ऐकतो. हे कुठल्या पुस्तकात आहे कोण जाणे. पण त्याने ते इतक्या ठामपणे सांगितलं की मला पटायला लागलं. बसायची खोली गेल्याचा राग मला आहेच. पण एवढा?

कुणाला सांगू नकोस, असं बजावून आलो. त्याने मान हलवली. त्याची मान सगळ्यांसाठीच हलते.

गुरुवार, ता. १३

धाकटी कालपासून गप्प आहे. काल बाजारात तिला कंपाउंडर भेटला होता. आज जेवताना तिने अचानक विचारलं, "बाबा, खरं सांगा, माझ्या कामाचा तुम्हाला त्रास होतो का?"

 म्हटलं हिला संशय आला. मी झटकून सांगितलं, मला काही होत नाही, आणि झालं तरी तुला सांगायला येणार नाही. आवाज जरा चढलाच. तिने ताट उचललं आणि उठली.

संध्याकाळी ती गॅलरीत फोनवर बोलत होती. गाळा केवढा आहे, शटर आहे का, लगेच मिळेल का. मी आतून ऐकलं. म्हणजे ती दुसरीकडे जागा बघते आहे. गेल्याच आठवड्यात म्हणत होती की घरातच बरं, बाबांची सोबत होते. आता एवढ्यात काय बिनसलं? धंदा चालणार असं दिसलं असेल. पंख फुटले की उडतात. उडू दे. खोली मोकळी होईल.

शनिवार, ता. १५

काचेची दारं लागली. धाकटी खुशीत आली. डॉक्टरीण स्वतः एकेका दाराबाहेर उभी राहिली, अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाली, सुंदर.

म्हणजे डॉक्टरणीला सरळ दिसलं. तिथल्या नोकरांना सरळ दिसलं. फक्त मला उलटं दिसलं होतं.

मी तोंडाने खूप छान म्हटलं आणि आत जाऊन पडलो. आता शंका उरली नाही. कंपाउंडरचं निदान बरोबर आहे, किंवा माझं. मनाचा रोग किंवा दादांचा रोग. पहिला असला तर मी दुष्ट बाप आहे आणि दुसरा असला तर लवकरच ओझं होणार आहे. दोन्हीत तिने गाळा घेतलेलाच बरा.

सोमवार, ता. १७

आज मोठी पाटी. लाल व्हिनाईल, एकच रोल मिळाला होता, डॉक्टरणीला हाच लाल हवा होता. 'दंत आरोग्य दवाखाना', हाताएवढी अक्षरं, दारावरच्या पांढऱ्या पाटीवर लावायची. शुक्रवारी उद्घाटन.

धाकटीने पडद्यावर माझ्यासमोर पुन्हा पुन्हा तपासलं. मग बटण दाबलं आणि शिडीवाल्याला गाठायला निघाली. जाताना म्हणाली, कापून झालं की सोलून ठेवाल ना, सावकाश करा. हल्ली मला परक्यासारखं विचारते.

पातं सुरू झालं. मी फटीतून येणारा कागद बघत उभा राहिलो. उलटं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या कान्यापर्यंत. या वेळी मी घाबरलोही नाही. नुसता वैतागलो, स्वतःवर. म्हटलं, अरे मना, एवढं चांगलं काम आहे, पोरीचं नशीब आहे यात, आज तरी सरळ दाखव. नाही दाखवलं.

एका क्षणी वाटलं, धाकटीला फोन करावा. काय सांगणार होतो? सगळ्या गावाला सरळ दिसणारी पाटी मला उलटी दिसते? उद्घाटनाच्या तोंडावर तिने पाटी बघायची की बापाला डॉक्टरकडे न्यायचं?

बसलो आणि सोललं. अनुस्वार शाबूत, पोटं साफ. तिचा वेळ वाचावा म्हणून अक्षरं उचलून पाटीवर नेणारी वरची दुधी चिकट फिल्मही मीच दाबून बसवली, तिने शिकवली तशी, एक बुडबुडा नाही. गुंडाळी करून दोरीने बांधली. ती आली तेव्हा गुंडाळी दाराशी तयार. "बाबा, तुम्ही सगळंच केलंत," असं म्हणून ती माझ्याकडे जरा वेगळंच बघत राहिली. म्हटलं, काही कळू दिलं नाही हे बरं केलं.

मंगळवार, ता. १८

सकाळी शिडीवाल्याबरोबर गेली आणि ताबडतोब परत आली. गुंडाळी टेबलावर टाकली आणि जमिनीवर बसली. चप्पलही काढली नाही.

मी विचारलं, काय झालं? पडलीस का?

"उलटी कापली गेली. अख्खी पाटी. काचेसाठी उलट कापायची खूण केली होती ती तशीच राहिली, मी काढायला विसरले. लाल संपला. नवा रोल यायला आठवडा लागेल. शुक्रवारी उद्घाटन आहे, बाबा."

 मला नीट कळतच नव्हतं.

मग तिने मान वर केली. "पण तुम्ही सोललीत. दोन तास ती तुमच्या डोळ्यासमोर होती. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं," मी म्हटलं.

"उलटी दिसली?"

"पहिल्यापासून."

"आणि बोलला नाहीत?"

तिचा चेहरा असा काही झाला की मला राहवलं नाही. म्हटलं, मला वाटलं माझंच डोकं गेलंय. ढकला उलटा दिसला, ओढा उलटा दिसला, तू वा म्हणालीस, डॉक्टरीण सुंदर म्हणाली. दादांचंही असंच झालं होतं. तुझ्या कामाच्या मध्ये माझं आजारपण नको, म्हणून गप्प बसलो.

 तिने तोंडावर हात घेतला, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. हसत होती. मग मधेच रडायला लागली, मग दोन्ही एकदम. शेवटी उठली, 'कृपया आवाज करू नये' ची वाया गेलेली एक पट्टी खिडकीच्या काचेला आतून दाबली आणि मला हाताला धरून गॅलरीत नेलं. बाहेरून बघितलं. सरळ.

मी चिडलो. "एवढं साधं होतं तर सांगायचं नाही?"

"एवढं साधं होतं तर विचारायचं नाही?"

तिथेच उभ्या उभ्या भांडलो. मग तिने सांगितलं की कंपाउंडर बाजारात म्हणाला होता, म्हाताऱ्याला तुझं काम सोसत नाही, मनावर घेतलंय त्याने, डोळ्यांवर उतरलंय. म्हणून ती गाळा बघत होती. मी त्या कंपाउंडरच्या घरी आत्ताच्या आत्ता जाणार होतो. तिने चप्पल लपवली.

बुधवार, ता. १९

डॉक्टरणीकडे मीही गेलो. धाकटी नको म्हणत होती. मी म्हटलं, सोलणारा हात माझा आहे.

डॉक्टरीण बोलायला गोड नाही. चुकलं कसं ते तिला ऐकायचंच नव्हतं. पाटी लागणार की नाही एवढंच विचारत होती, आणि लागणार नसेल तर दुसऱ्याला सांगते म्हणाली.  मला वाटलं संपलं सगळं. मशीन विकायचं, पाट्या पुसायच्या.

मग धाकटीची नजर रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीकडे गेली. ती म्हणाली, "मॅडम, ही अक्षरं या काचेला आतून लावते. बाहेरून सरळ वाचता येतील. शुक्रवारी नाव तर दिसेल. दारावरची पाटी रोल आला की करून देते, माझ्या खर्चाने."

डॉक्टरणीने तोंड वाकडं केलं. मला दारावर हवी होती म्हणाली. तरी लावू दिली. खिडकी अरुंद निघाली. 'दवाखाना' कापून खालच्या ओळीत घ्यावा लागला. मी बाहेर रस्त्यावर उभं राहून सांगत होतो, डावीकडे, अजून, थांब, आता वर. एक हातगाडीवाला माझ्यामुळे अडला होता. त्यालाही विचारलं, नाव सरळ दिसतंय का? तो म्हणाला, दिसतंय, काका, आता बाजूला व्हा.

डॉक्टरीण बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडे गेली, बराच वेळ बघितलं आणि "हं" म्हणाली. दुसऱ्या दवाखान्यांचं विचारलं तर, ते पुढचं पुढे बघू. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. हा असला अधांतरी जबाब मला सोसत नाही, पण धाकटी येताना गुणगुणत होती.

शुक्रवार, ता. २१

दवाखान्याचं उद्घाटन सकाळी उरकलं. दुपारी गाळेवाल्याने निकाल मागितला. घेता की दुसऱ्याला देऊ? धाकटी म्हणाली, एकदा बघून तर येऊ, बाबा. तुम्हालाही तुमची खोली परत मिळेल.

गाळा वाईट नव्हता. रस्त्यावर, उजेड चांगला. म्हणून मी जास्तच बारकाईने बघितला. मागच्या भिंतीला ओल आहे, व्हिनाईलचा गोंद धरणार नाही. शटर एका बाजूने अडकतं. कुलपाची कडी पातळ आहे, मी असलं कुलूप फाटकावर एक रात्र ठेवलं नसतं. समोर गटार उघडं आहे, गिऱ्हाईक पडेल. गाळेवाला मध्ये मध्ये खोकत होता.

धाकटी शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "ओल, शटर, कडी, गटार. अजून काही?"

अजून काही नव्हतं. तरी मी तिथून हललो नाही. मला आठवत नाही मी असं कधी कुणाला बोललो असेन. मी म्हटलं, "तू इथे आलीस, आणि घरात मला पुन्हा काही उलटं दिसलं, तर ते खरंच उलटं आहे की मलाच तसं दिसतंय, हे मी विचारायचं कोणाला?"

गाळेवाला दुसरीकडे बघायला लागला. धाकटीने किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, आमचं जमत नाही.

मी म्हटलं, एवढ्या घाईने नको, विचार कर, उजेड चांगला आहे. ती चालायला लागली होती.

घरी चालतच आलो. सबंध रस्त्यावर तिने एकेका दुकानासमोर मला थांबवलं आणि वरची पाटी वाचायला लावली, मोठ्याने, आणि सरळ की उलटी तेही सांगायला लावलं. किराणा, सरळ. शिलाई, सरळ. एका सलूनच्या काचेच्या दारावर नाव होतं, तिथे तिने मला आत नेऊन पुन्हा वाचायला लावलं. उलटं, मी म्हटलं. खुर्चीतला माणूस तोंडाला साबण लावलेला तसाच आमच्याकडे वळून बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पुढची एकही पाटी मी सोडली नाही.